सर्वात वाईट मॅनेजर, दुसरा क्रमांक

नाशिक रोड,
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप सावळीराम मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर फुटबॉलचा विषय काढला की तुम्ही रेंज नाही म्हणून ठेवून देता. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहितोय.

सिन्नरची नोकरी सोडली. सुपरवायझर चांगला होता, पण खिडकीतून रस्ता दिसायचा, आणि रस्ता दिसला की माझं काही खरं नसतं. मग आठ दिवस येवल्याला मयूर नावाच्या विणकर मित्राकडे होतो. त्यांच्या मागावर बसून दोन बोटं पैठणी विणली, ती उसवायला त्यांचा अख्खा दिवस गेला. असो, मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की आपला दारणा फुटबॉल क्लब या तीस तारखेला चाळीस वर्षांचा होतोय. माजी खेळाडूंचा सामना आहे, आणि क्लबच्या सर्वात वाईट मॅनेजरचा शाल-नारळ देऊन सत्कार. तो कोण, हे सोळा तारखेच्या मतदानात ठरेल, पण मैदानाशेजारच्या टपरीवर आत्तापासूनच रोज जुंपते. एक गट रावजी आहेरांना धरून आहे: सहा सामने, सहा पराभव, आणि दर वेळी दोष गोलकीपरचा. दुसरा गट तुम्हाला. मी तुमच्या बाजूने भांडतो. कबड्डी शिकवणाऱ्या माणसाला मॅनेजर केलं ही क्लबची चूक, असं म्हणालो. त्यावर सेक्रेटरी हर्षाली म्हणाली की कबड्डीवाला चालेल हो, पण फुटबॉलमध्ये माणसं जिवंत करायला निघालेला मॅनेजर जगात एकच. सगळी टपरी हसली. मीपण हसलो, माफ करा.

पण तुम्ही या. त्या फायनलनंतर चौदा वर्षं मैदानाकडे फिरकला नाहीत.

लोभ आहेच, तो मतदानानंतरही तसाच ठेवावा.

तुमचा भाचा,
रवी


कळवण,
९ नोव्हेंबर

चि. रवीस,
अ. उ. आशीर्वाद.

हसू देत लोकांना. फायनलला आपण एक-शून्यने पुढे होतो. संतोष आणि आणखी दोघं दमलेले दिसले, म्हणून त्यांना बाहेर बसवून बदली खेळाडू घातले. आपला गोल झाला की एकेकाला जिवंत करून आत पाठवू, असं माझ्या डोक्यात. कबड्डीत अठरा वर्षं तेच केलेलं. गोल झालाही. मी संतोषच्या पाठीवर थाप मारली, तो बिचारा पळत आत गेला, आणि पंचाने हाताला धरून त्याला बाहेर आणून सोडला. बाहेर गेलेला परत येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढे मालेगाववाल्यांनी चार घातले.

पराभवाचं काही नाही रे. त्या दिवशी मुंबईच्या एका कंपनीचा माणूस त्यांच्या टीममध्ये नोकरीवर घ्यायला संतोषचा खेळ बघायला आला होता. त्याला दिसला काय, तर बाकावर बसलेला संतोष. आता संतोषसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? मी येत नाही.

इकडची माया आहे तशीच आहे, फक्त मैदानाचं बोलवणं नको.

तुझा मामा,
सावळीराम

ता. क. नोकरी का सोडलीस, असं मामी विचारते. मी सांगितलं नाही, तिनेच पत्र फोडलं.


नाशिक रोड,
१७ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून तडक जीपने सिन्नर गाठलं. (जीपमध्ये एक मधमाश्या पाळणारा भेटला, त्याच्याबरोबर जाणारच होतो, पण ते नंतर.) संतोषचं टायरचं दुकान आहे. मी सरळ विचारलं, मामांवर राग आहे का. टायरमधून डोकं वर न काढता तो म्हणाला की होता, चांगला दोन वर्षं होता. मग लग्न झालं, दुकान झालं, मुलगी झाली, आणि राग कुठे ठेवला तेच आठवेना. त्या नोकरीची हळहळ मात्र कधीकधी वाटते म्हणाला, ते खोटं सांगणार नाही. पण मामा तोंड लपवून बसलेत हे ऐकून तो चिडला. एवढी वर्षं मी काय त्यांना खाणार होतो का, म्हणे.

काल मतदानाला तो स्वतः आला आणि तुमच्यासाठी भाषण ठोकलं. इतका वाईट मॅनेजर शोधून सापडणार नाही, शाल मीच घालणार, अशी त्याची जिद्द. तरी निकाल असा: रावजी एकतीस, तुम्ही एकोणतीस. संतोषने फेरमोजणी मागितली. तीही हरला.

आमच्यावर रागवा, पण परकं करू नका.

रवी


कळवण,
२२ नोव्हेंबर

चि. रवीस,
आशीर्वाद.

दुसरा? कोणी मोजली मतं? रावजीकडे धड अकरा माणसं नसायची, तो हरला यात त्याचं कर्तृत्व ते काय? मी जिंकत आलेला सामना स्वतःच्या डोक्याने घालवला. हर्षालीला सांग, मी समोर येऊन बोलणार आहे.

संतोषचं तू लिहिलंस ते खरं का, की पदरचं घातलंस? चार वेळा वाचलं. त्याला म्हणावं, बूट शोध. माजी खेळाडूंचा मॅनेजर मी, आणि या वेळी त्याला बाहेर काढणार नाही.

तीसला सकाळच्या एसटीने येतो. आल्यावर चहा पाजण्याइतका जीव लाव.

सावळीराम


नाशिक रोड,
१ डिसेंबर

ती. उज्ज्वला मामीस,
शि. सा. न. वि. वि.

कांद्याच्या लागणीमुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून घडलं ते कळवतो.

मामा मैदानाच्या फाटकात थांबले, आत येईनात. संतोष आला, पाया पडला आणि म्हणाला की आधी टीम लिहा, उशीर होतोय. एवढंच. मामांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि टीम लिहायला घेतली. पहिलं नाव संतोष.

वीस मिनिटांत संतोषला धाप लागली. अडतीस वर्षं आणि ते पोट! कमरेवर हात ठेवून तो मामांना खुणा करू लागला, मला काढा, मला काढा. मामा पाथर्डीच्या डोंगराकडे बघत बसले. त्याची पोरगी वेदिका बाहेरून ओरडतेय, पप्पा पळा. हाफटाइमला तो अक्षरशः हात जोडून आला. शेवटी मीच मामांना समजावलं की हा दोस्तीतला सामना आहे, इथे बाहेर गेलेला कितीही वेळा परत येऊ शकतो.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मागच्या वेळीही मला असंच वाटलं होतं.

ते दोन दिवस इथेच राहतो म्हणतात. आम्हा दोघांवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
रवी