तेराव्या दिवशी माफ करीन

२४ मे १९६७, बुधवार. पेण
इजिप्तने इस्रायलची समुद्रातली वाट बंद केली, असं रेडिओवर सांगितलं. लढाई होणार. आपलं सरकार पलीकडच्या बाजूला आहे. मी नाही. एवढासा देश, चारी बाजूंनी वैरी, तरी देवाला धरून आहे. आपल्यासारख्यांनी त्याच्यामागे उभं राहिलं पाहिजे. आमचा मुलगा महिपती असता तर हेच म्हणाला असता. त्याला जाऊन सप्टेंबरात दोन वर्षं होतील. सियालकोटची आघाडी.
आजपासून 'इस्रायल मित्र मंडळ, पेण' स्थापन. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष शेजारचे रूबेनजी कासूकर, तेलवाले. पेणमध्ये बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, घरं आता मोजकीच उरलीत. रूबेनजींना उद्या कळवायचं.

२५ मे
कळवलं. म्हणाले, मीटिंग लवकर असेल तर बघू. माणूस उत्साही आहे.
त्यांचा मुलगा शमू इस्रायलातच आहे. महिपतीच्या वर्गातला. त्याला लष्करात बोलावल्याची तार आली, पण वीस दिवस पत्र नाही. मी म्हणालो, देशाने हाक मारली की वय बघू नये, म्हाताऱ्यानेसुद्धा जावं. हे मनापासून म्हणताय का, असं रूबेनजींनी विचारलं. मी म्हणालो, शंभर टक्के.

२८ मे, रविवार
इस्रायलसाठी रोज अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करायची. आज सात झाली. उरलेली उद्याच्यात मिळवू.
मंडळाच्या ११ जूनच्या सभेला वाचनालयाच्या हॉलसाठी अर्ज लिहिला. मी सरकारी कचेरीत नोकर, माझं नाव नको. रूबेनजींच्या नावाने लिहिला. त्यांनी सही केली नाही. म्हणाले, सध्या सह्या दुसऱ्याच कागदांवर चालल्यात. कसले कागद, ते मी विचारलं नाही. व्यापारी माणसाला कागद असतातच.

१ जून
मंडळातर्फे रूबेनजींना भेट म्हणून केरूच्या गणपतीच्या कारखान्यात ते मानतात त्या एलिया पैगंबराची दोन फुटी मूर्ती सांगितली होती. केरूने वाहन विचारलं. मी म्हणालो, अग्नीचा रथ, त्यातून तो स्वर्गात गेला. तो म्हणाला, उंदीर सोपा पडला असता. मूर्ती झाली चांगली, पण डोळे गणपतीचेच आले.
रूबेनजी कारखान्याच्या दारातच थांबले. आमच्यात मूर्ती चालत नाय, म्हणाले. मग केरूचं तोंड बघून, दाढी मात्र बेस जमलीय, असंही म्हणाले.
मूर्ती ऋषी म्हणून खपवतो, असं केरू म्हणाला. आवर्तनं आज राहिली.

४ जून, रविवार
पलीकडून दिवसभर हातोडा. खोकी ठोकताहेत. रूबेनजींच्या बायको रिबकाबाईंनी आपला पाटा-वरवंटा हिला देऊन टाकला. ही म्हणाली, "ते चाललेत हो."
मी समजावलं की लढाईची चाहूल लागली की लोक चीजवस्तू सुरक्षित ठेवतात. ही म्हणाली, पाटा कोण लपवतं? बायकांना राजकारण कळत नाही.

६ जून
कालपासून लढाई सुरू. शमू कुठल्या आघाडीवर, माहीत नाही. रूबेनजी बातम्या ऐकायला आमच्याकडे बसले होते. बातम्या संपल्यावर डोळ्यांवर हात ठेवून त्यांनी त्यांची प्रार्थना म्हटली. मी शेजारी बसून माझी आवर्तनं केली. एकवीसच्या एकवीस. हे पहिल्यांदाच.

७ जून, बुधवार
पेपर दुपारच्या एसटीने आला. गाझात संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजेत आपले जवान होते. इस्रायलच्या माऱ्यात त्यातले काही गेले. तीनदा वाचलं. महिपती गेल्याची तारही अशीच दुपारी आली होती. तेव्हा रूबेनजी त्यांच्या चालीप्रमाणे सात दिवस माझ्या घरी जमिनीवर बसले होते. माझ्या भावकीतलं कोणी तसं बसलं नाही.
चारला रूबेनजी आले. चपला हातात. अंगणातच उभे राहिले.
"दत्तूभाऊ, माझ्या पोराच्या बाजूनं तुमची पोरं मारली. काय बोलू मी?"
मी दार लोटून घेतलं.
ठरवलं की त्या जवानांचं सुतक पाळायचं. दहा दिवस कोणाकडे जायचं नाही. तेराव्या दिवशी पांढरा कोट घालून जायचं आणि रूबेनजींना माफ करायचं. त्यांचा अपराध नेमका कोणता, तेही तोवर ठरवता येईल.

११ जून, रविवार
लढाई संपली. इस्रायल जिंकला. मंडळाची सभा आजच होती, सुतकामुळे रद्द केली. नाहीतर हॉल पुरला नसता.
शमू सुखरूप असल्याची तार आली, असं हिने सांगितलं. बरं वाटलं. सुतकात दाखवता येत नाही.

१४ जून
रूबेनजींकडे मलिदा होता. गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाच्या नावाने प्रार्थना. विजयाबद्दल असणार. रिबकाबाई बोलवायला आल्या. मी आतूनच सांगितलं, सुतक आहे.
ही लुगडं बदलून निघाली. म्हणाली, "सुतक तुमचं. पोर माझंबी गेलं. मी जाते."
रडत परत आली. शुक्रवारी ते रोह्याला मेव्हण्याकडे जाणार. रविवारी तिथून मुंबई, मग इस्रायल. कायमचे. आताच जाऊन भेटा, म्हणाली.
मी हिशेब दाखवला. तेरावा दिवस सोमवार.

१६ जून, शुक्रवार. सकाळी ८
टांगा आला. रूबेनजी आमच्या ओट्यापर्यंत आले. मी दाराच्या आत होतो. कडीवर हातही होता. ते थोडा वेळ थांबले आणि गेले.
काळजीचं कारण नाही. एवढं सामान घेऊन रविवारची गाडी कोणाला मिळते? आणि साठीच्या माणसाचा देश सोडण्याचा निर्णय रोह्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. सोमवारी माफ करून दोघांना परत घेऊन येतो.

१९ जून, सोमवार
पांढरा कोट घातला. पहिल्या एसटीने रोहा. गाडीत काय बोलायचं ते पाठ केलं.
रूबेनजींचे मेव्हणे एझ्रा दारात भेटले. म्हणाले, काल गेले. दुपारची गाडी त्यांनी मुद्दाम सोडली, तुम्ही याल म्हणून. शेवटी संध्याकाळच्या गाडीत बसले.
मी म्हणालो, माझ्या दारापर्यंत येऊन हाक का नाही मारली?
एझ्रा म्हणाले, "मी तेच बोललो त्यांना. तर म्हणाले, दत्तूभाऊंच्या घरी सुतक हाय. आपण आपल्या निरोपासाठी त्यांचं सुतक मोडायचं नाय."
चहा घेतला. बारीक पाऊस होता. दुपारच्या गाडीने परत.
हिने विचारलं, भेटले?
मी म्हणालो, हो. सगळं मिटलं.
ही पान वाढायला गेली.