तिची अर्धी, माझी पूर्ण

७ नोव्हेंबर, शुक्रवार
म्हापशाला मनाच्या डॉक्टरांकडे. शैला आधी आत गेली, माझा नंबर मागाहून. बाहेर आली ती हसतच. "वृंदा, अर्धी केली गो! आजपासून अर्धी गोळी."
मला आत सांगितलं, "तुमची अजून सहा महिने आहे तशीच ठेवू."
का? सुरुवात मी केली होती. माझी जानेवारीत, तिची मार्चमध्ये. ह्याच बाकावर ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा दोघींनी एकमेकींना पाहून माना खाली घातल्या होत्या. एकाच शाळेतल्या दोन शिक्षिका. कुणाला सांगायचं नाही, ठरलं. तेव्हापासून दर महिन्याला एकत्र येतो, बाजार करतो, पातळभाजी-पाव खातो.
आज तिने दोन प्लेटी खाल्ल्या. मला गिळवेना. "अभिनंदन" म्हटलं. दोनदा म्हटलं बहुतेक.

९ नोव्हें., रविवार
अर्धी झाली की पाव गोळी, मग काही नाही. फेब्रुवारीत ती मोकळी. मी तेव्हाही डबी उघडत बसणार. तिचं वजन वाढलं नाही, माझे ब्लाउज तीनदा उसवले. आरशात बघून झाल्यावर ठरवलं. अर्धी-बिर्धी नको. एकदम बंद. तिच्याआधी.

१० नोव्हें., सोम.
नाही घेतली. ह्यांना सांगितलं नाही. हे म्हणणार, डॉक्टरांना विचार.

१२ नोव्हें., बुध.
तिसरा दिवस. काही झालं नाही! उगाच दहा महिने खाल्ली. शैलाला सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं. एकदम सांगायचं, महिन्याने. तोंड बघायचंय तिचं.

१४ नोव्हें., शुक्र.
फळ्याकडून मुलांकडे वळले तर डोक्यात चिटकन काहीतरी. ट्यूब लागताना होतं तसं. परत वळले, परत तसंच. दिवसभरात पंधरा-वीस वेळा. मान धरून शिकवलं. झोप झाली नसेल.

१६ नोव्हें., रवि.
मळमळ. पोटात होडी हलते तशी. सासूबाई म्हणाल्या, "ह्या वयात परत दिवस गेले की काय?" हसल्या. मी रडले. त्या घाबरल्या. स्वप्नंही कसली कसली, सगळी खरी वाटणारी. कालच्यात शैला माझी साडी नेसून माझ्या वर्गावर.

१८ नोव्हें., मंगळ.
स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन हेडबाईंनी शैलाला दिलं. गेली चार वर्षं मी करते. "वृंदाबाई, तुम्ही जरा दमलेल्या दिसता, म्हणून." म्हणजे दिसतं. आणि तिचं? तिच्या तोंडावर अर्ध्या गोळीतच तेज आलंय. पावडर लावते, मला माहीत आहे.

१९ नोव्हें., बुध.
पोदेर आला, सायकलवर पाव विकायला. कोंड्याच्या पोई संपल्या, फक्त साधे पाव उरले होते. त्याच्यावर ओरडले. सायकल तशीच घेऊन गेला बिचारा. हे पायरीवर उभे. "काय जाता गो तुका?" काही नाही म्हटलं. "गोळी घेतस मा?" हो म्हटलं.
खोटं बोलल्याचं वाईट नाही वाटलं. ते जास्त वाईट.

२१ नोव्हें., शुक्र.
लिहू का?
तिसरीच्या वर्गात पोशाखाची मापं चालली होती. दोन आया आलेल्या, एक शैलाच्या वर्गातल्या रुद्रची आई. शैला मुलींच्या परकरांना पिना लावत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, सहजच म्हणाली, "वृंदा, तुझी मुलं अजून रांगेत उभी राहात नाहीत. दोन दिवस माझ्याकडे दे, मी बसवते नाच."
डोक्यात चिटकन झालं आणि मी म्हटलं, "तू आधी तुझ्या डोक्याच्या गोळ्या सांभाळ. दर महिन्याला म्हापशाला कशाला जातेस, सांग ना ह्यांना."
शैलाने तोंडातली पिन काढून परकराला लावली. मग दुसरी लावली. मग उठून बाहेर गेली.
रुद्रची आई माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

२२ नोव्हें.
शैलाला फोन केला, अकरा वेळा. उचलला नाही. रागाने नव्हे, लाजेने. मी तरी उचलला असता का?
आणि तरी. तरीही वाटलं की आता सूत्रसंचालन माझ्याकडे येईल. हे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार.

२४ नोव्हें., सोम.
शैला रजेवर. रुद्रची आई हेडबाईंकडे येऊन गेली. मुलाला दुसऱ्या वर्गात टाका म्हणते. शिपाईणमावशीने मला विचारलं, "शैलाबाय कुणाक मारता-बिरता काय?" म्हणजे तीन दिवसांत इतकं.
सगळे तिच्याबद्दल बोलतात. माझ्याबद्दल कुणी नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं.

२६ नोव्हें., बुध.
शाळेतून येताना मांद्र्याच्या वळणावर मान वळवली आणि रस्ता सरकला. स्कूटरसकट गटारात. कोपर सोललं, हनुवटीला दोन टाके. मागे मूल बसलेलं असतं तर. रुद्रचं घर माझ्या वाटेवर, तो कधी कधी बसतो मागे.
ह्यांनी माझं कपाट उघडलं. डबी भरलेली. बाहेर जाऊन माडाला पाणी घालत राहिले. कितीतरी वेळ एकाच माडाला.

२७ नोव्हें., गुरु.
हे रजा काढून घेऊन गेले. मी डॉक्टरांशी वादच घातला, तिची अर्धी का आणि माझी का नाही.
"दुसऱ्या पेशंटचं मी तुमच्याशी बोलणार नाही," म्हणाले. "तुमचं बोला. ऑगस्टमध्ये तुमची परत झोप उडाली होती. सप्टेंबरात रडू. म्हणून थांबायला सांगितलं. शिक्षा म्हणून नव्हे."
मग म्हणाले की शरीराला औषधाची सवय झालेली असते. दारूसारखं व्यसन नव्हे, पण एकदम काढून घेतलं की डोक्यात झटके, चक्कर, मळमळ, चिडचिड, रडू. आणि मूळ आजार परत डोकं वर काढतो तो वेगळाच. उतरवायची ती पायरीपायरीने, आठवडे, कधी महिने लावून.
"जीव नकोसा वाटला का?"
नाही म्हटलं. मग हो म्हटलं. एकदा, कोलवाळच्या पुलावर, बसमध्ये. क्षणभरच. हे माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी माझा हात धरला नाही, माझी पर्स धरली, घट्ट.
गोळी आहे तशी परत सुरू. पुन्हा तसं वाटलं तर वाट न बघता लगेच फोन करायचा. नंबर ह्यांनीही घेतला.
निघताना विचारलं डॉक्टरांना, त्या दिवशी मी जे बोलले ते गोळी बंद केल्याने का? म्हणाले, "चिडचिड त्याने असू शकते." फक्त चिडचिड. मी समजले.

३० नोव्हें., रवि.
झटके कमी. आज दोनच. झोपले सहा तास. सासूबाईंनी पेज दिली, प्रश्न नाही विचारले. त्यांना ह्यांनी सांगितलेलं दिसतंय.

१ डिसेंबर, सोम.
रुद्रची आई परत आली. ऑफिसचं दार उघडं होतं. "डोक्याची गोळी खातली बाय माझ्या भुरग्याक नाका."
आत गेले. म्हटलं, "मीही तीच खाते. शैलाबाईंच्या आधीपासून. तुमचा रुद्र माझ्या स्कूटरवर बसतो. त्या दिवशी मी ओरडले तेव्हा मी गोळी सोडली होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता. ती औषध नीट घेते. चुकलं माझं, तिचं काहीही नाही."
वाटलं होतं बाई वरमेल. ती म्हणाली, "मगे दोगांयक बदलात."
हेडबाई ग्लासभर पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "कुणालाही बदलणार नाही. मूल काढायचं असेल तर अर्ज लिहा." बाई गेली. अर्ज लिहिते की नाही, माहीत नाही. गावभर मात्र आता दोघींचं नाव.

३ डिसें., बुध.
शैला आली. सरळ माझ्या टेबलापाशी.
"ऐकलं मी."
"शैला, मला—"
"हे पण माझ्याआधी तूच सांगितलंस. गावात माझ्या गोळ्यांचं तू सांगितलंस, हेडबाईंना खरं काय ते पण तूच सांगितलंस. मी कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, की सांगायचंच नाही, हे माझं होतं ना?"
मग तिने हनुवटीचे टाके पाहिले. "दुखतात?" थोडे म्हटलं. गेली वर्गावर.
सूत्रसंचालन तीच करते आहे. तालमीत आवाज जरा कापतो तिचा, पण चांगली करते. माझ्यापेक्षा चांगली करते.

५ डिसें., शुक्र.
म्हापसा. एकाच बाकावर, मध्ये दोन माणसं. ती आत गेली, बाहेर आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला. माझी आहे तशीच. "जूननंतर बघू." ह्या खेपेला वाद नाही घातला. पण जळलं. गोळी चालू असून जळलं, म्हणजे हे गोळीचं नव्हेच.
बाजार एकटीने केला. पाव नाही खाल्ला.
परतीच्या पेडण्याच्या बसमध्ये ती आधीच बसली होती, खिडकीशी. शेजारच्या सीटवर तिची पिशवी. बाकी बस भरलेली. मी दारात. तिने मला पाहिलं आणि पिशवीला हात लावला. उचलायला की घट्ट धरायला, कळेना. कंडक्टर मागून ओरडत होता, "फुडें चला, फुडें." मी एक पाऊल पुढे टाकलं.