ही गाडी तुझीच

१४ ऑगस्ट १९९४, रविवार, सांगली

आप्पा म्हणाले होते, विनू, ही गाडी तुझीच, फक्त दादाला सांगू नकोस.

साल १९५९. वाई, आमच्या दवाखान्याच्या उतारावर. मी नऊ वर्षांची. गाडीच्या मागे उभी होते, तळहात काळे झाले होते. आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. पस्तीस वर्षं हे वाक्य मी कोणाला सांगितलं नाही. आप्पा गेल्यावर दादाने ती मॉरिस गाडी साताऱ्याला नेऊन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, तेव्हाही गप्प राहिले. ज्याची वस्तू असते त्याला घाई नसते.

आज पेपरात बातमी. जुन्या मोटारींच्या एका हौशी मंडळाची शर्यत. ११ डिसेंबर, वाई ते पाचगणी, पसरणी घाटातून. १९५० च्या आधीच्या गाड्या. आमची १९३८ ची.

मी चालवणार. निश्चय झाला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, चहात साखर नाहीये. आनंद झाला की हे विषय बदलतात.

२१ ऑगस्ट

साताऱ्याला जाऊन आले. दादाने एका शब्दात गाडी दिली. मी एसटीत बसून भाषण तयार केलं होतं, ते वाया गेलं. वहिनी म्हणाली, न्या बाई एकदाची, मला शेडमध्ये लाकडं ठेवायचीत. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. दादा म्हणाला, तिची पिल्लं निघू देत, मग ने. त्याचा आवाज जड झाला होता. वहिनी म्हणते सर्दी आहे. माझ्या भावाला मी ओळखते.

११ सप्टेंबर

मॉरिस सांगलीत! ह्यांच्या हळदीच्या पेठेतला एक रिकामा ट्रक साताऱ्याहून परत येत होता, त्यातून आणली. गाडीला सगळीकडून हळदीचा वास. नवरीसारखी दिसत होती. एक दार दोरीने बांधलं होतं, ते सोडून.

मिरज रोडला जोतीरामच्या गॅरेजमध्ये उतरवली. जोतीराम जतकडचा. तरुणपणी आप्पांकडे होता, गाडी धुवायचा, औषधाच्या बाटल्या भरायचा. आता पन्नाशी उलटली आहे. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, ताई, काळीज चांगलं हाय हिचं, पर नळ्या समद्या सडल्यात. मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत? तो म्हणाला, कंच्या सालच्या?

थट्टेखोर आहे. पण माणूस माझा. आप्पांच्या वेळचा माणूस दगा देणार नाही.

१३ सप्टेंबर, सकाळी ६

संकल्प:

रोज पहाटे पाचला उठणे. (आज सहा, कारण गजर ह्यांच्या बाजूला होता.)

मॉरिसला सुरू करायला पुढून हँडल मारावं लागतं. त्यासाठी मनगटात ताकद हवी. मिक्सर बंद. चटणी पाटा-वरवंट्यावर.

गाडीचं लायसन्स काढणे. ही औपचारिकता आहे.

मयूरीला बाजूच्या सीटवर घेणे. मयूरी दादाची मुलगी, इथे आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकते. तिला विचारलं तर म्हणाली, आत्या, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. ती पुस्तकात तोंड घालून हसली. अभ्यासात इतकं रमणारी मुलगी हल्ली कुठे बघायला मिळते?

१७ सप्टेंबर

मनगट सुजलं. मिक्सर सुरू. चटणी चांगली झाली होती, पण हे म्हणाले दगडाचे खडे लागतात.

२८ सप्टेंबर

लायसन्सची परीक्षा. गाडी आठाच्या आकड्यात फिरवायची असते. आठाची वरची गोलाई मी उत्तम काढली. खालच्या गोलाईत एक रिकामा ड्रम होता. शिकवणारे सिद्धू मास्तर म्हणतात तो पहिल्यापासून तिथेच होता. असेल. साहेबांनी पुन्हा यायला सांगितलं. मास्तर परतीच्या वाटेवर स्वतः गाडी चालवत होते आणि एक शब्द बोलले नाहीत. शिष्याचं दुःख गुरूला जास्त होतं.

शिकाऊ लायसन्स आहेच. घाटात कोण बघायला येतंय?

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

मॉरिस सुरू झाली!!

जोतीरामच्या आवारात पूजा. आप्पा करायचे तशीच मी केली. हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू, पुढच्या जाळीवर झेंडूची घसघशीत माळ. जोतीरामच्या सातव्या हँडलला इंजिन सुरू झालं. अख्ख्या आवारात निळा धूर. मी रडले. तोही डोळे पुसत होता. म्हणाला, धूर गेला डोळ्यांत.

मग मी चालवली. वीस पावलं तरी गेली असेन. मग आवारातली चिंच आली. जोतीरामने वाकून बघितलं आणि म्हणाला, चिंचंला काय न्हाई झालं, ताई.

ब्रेक उशिरा लागतात हे आजच कळलं ते बरं झालं. घाटात कळलं असतं तर?

६ नोव्हेंबर

दादा आज पुन्हा आला होता. तिसरा रविवार. मयूरीची खुशाली बघायला म्हणून सकाळी येतो, तिला घेऊन बाहेर जातो, जेवायला परततो. आज त्याच्या नखांत काळं होतं आणि शर्टाला पेट्रोलचा वास. वयात आलेल्या मुलीच्या काळजीने बाप किती वणवण करतो!

जेवताना म्हणाला, जोत्याचा हात अजून तसाच आहे. तुला काय माहीत, म्हटलं. हे मध्येच म्हणाले, आमटी वाढ.

२० नोव्हेंबर

जोतीरामने पुढची सीट मागे सरकवून बोल्ट घट्ट केले आहेत. माझे पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत. विचारलं तर इकडेतिकडे बघत म्हणाला, घाटात पाय मोकळं पायजेत, ताई. तज्ज्ञ माणूस आहे, वाद घातला नाही. पाठीमागे उशी घेईन. हिरव्या मखमलीची शिवायला घेतली आहे. तिच्यावर वि अक्षर.

प्रवेशाचा फॉर्म मयूरीने परस्पर भरून पाठवला. गुणी मुलगी. मला दाखवायलाही तिला वेळ झाला नाही.

५ डिसेंबर

परीक्षा पुन्हा. ड्रम हलवलेला नाही. मीही नाही हलले: या वेळी गाडी सुरू न करता बसून राहिले, कारण एकदम सगळे बघायला लागले. साहेब भले आहेत. म्हणाले, बाई, घाई कसली आहे? मी सांगितलं नाही कसली.

उशी पूर्ण झाली.

१० डिसेंबर, वाई

सकाळी ट्रकमधून मॉरिस आणि एसटीतून आम्ही. दुपारी मैदानात गाड्यांची तपासणी. अठरा गाड्या. आमची सगळ्यांत छोटी आणि सगळ्यांत काळी. मी उशी घेऊन रांगेत. टेबलामागच्या गृहस्थांनी यादी वाचली.

चालक: दादाचं नाव.

सहचालक: मयूरी.

मदतनीस: सौ. विनोदिनी.

मी म्हटलं, वर-खाली झालंय. गृहस्थ म्हणाले, नाही बाई, मदतनीस मागे बसतो, पाण्याचा कॅन सांभाळतो.

मागे वळले तर चौघे ओळीने उभे. दादा बुटांकडे बघत होता. म्हणाला, विनू, तुझं लायसन्स कुठे आहे? मयूरी रडायलाच लागली, आत्या, फॉर्मवर खरं तेच लिहावं लागतं गं. जोतीराम म्हणाला, म्या कायबी बोललो न्हाई ताई, दादांनी सीट मागं घे म्हनलं, म्या मागं घेतली. मग हे बोलले. लग्नाला तेवीस वर्षं झाली, ह्यांनी विषय न बदलता बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाले, घाट आहे तो. मला तू धड परत हवी आहेस.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तीन रविवार. वहिनीला माहीत होतं. सिद्धू मास्तरांनाही हे स्वतः जाऊन भेटून आले होते म्हणे, हिला सावकाश शिकवा म्हणून. ज्या माणसांसाठी मी मिक्सर बंद केला!

उशी दादाच्या सीटवर ठेवली, कारण त्याची पाठ दुखते. वि अक्षर आत करून ठेवली.

११ डिसेंबर, संध्याकाळ, पाचगणी

क्रमाने लिहिते. पुढे कोणी म्हणायला नको.

सकाळी वाईच्या बाजारातून झेंडूची माळ आणली, खंडेनवमीपेक्षा दुप्पट. जाळीवर नीट पसरून चारी बाजूंनी सुतळीने आवळून बांधली. जोतीराम म्हणाला, ताई, फुलं काढा, हिला गार व्हायला वारं लागतंय. मी म्हटलं, आप्पा बांधायचे. तो म्हणाला, आप्पा पूजेला बांधायचं, मग काढायचं. दादा म्हणाला, राहू दे रे, आधीच ती रागावली आहे. ज्याने काढायला हवी होती त्याने काढली नाही. हे नोंदवून ठेवते.

हिरवं निशाण. दादाने गाडी काढली. मी मागच्या सीटवर, कोंबडीच्या जागी, मांडीवर कॅन. पसरणी गाव मागे पडलं. पहिल्या वळणाला एक गाडी मागे टाकली (ती उभी होती). दुसऱ्या वळणाला माझा राग थोडा उतरला. इंजिनाचा आवाज आप्पांच्या वेळचाच. तिसऱ्या वळणाला वास आला. मयूरी म्हणाली, बाबा, कोणीतरी काहीतरी शिजवतंय.

झेंडू शिजत होता.

झाकणातून वाफेचा फवारा, काचेवर पिवळं पाणी, इंजिन बंद. माझ्या कॅनमधलं पाणी दादाने उतावीळपणे ओतलं आणि अर्धं रस्त्यावर सांडलं. जोतीराम आणि हे मागून जीपमधून येत होते, ते पोचले. जोतीरामने काळवंडलेली माळ दोन बोटांनी ओढून काढली आणि माझ्याकडे न बघता दरीत टाकली. ते न बघणं मला जास्त लागलं.

मागे गाड्या खोळंबलेल्या. वरून एसटी आली, खिडकीतून एक जण ओरडला, आरं बैलं जोडा गड्यांनो! पुढच्या रुंद वळणापर्यंत ढकलायची ठरली. दादा स्टिअरिंगवर. मागे जोतीराम, मयूरी, हे आणि मी. गाडी इंचाइंचाने चढत होती. माझे तळहात काळे झाले.

तेवढ्यात दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हुबेहूब आप्पांचा आवाज काढून ओरडला, ढकल विनू, ही गाडी तुझीच, फक्त मयूरीला सांगू नकोस!

जोतीराम हसत हसत बम्परवर आडवाच झाला. म्हणाला, आप्पा! आप्पाच बोललं! मलाबी म्हनायचं, ढकल जोत्या, गाडी तुझीच हाय, पोरांना सांगू नगंस! दादा म्हणाला, मला तर रोज. कंपाउंडरला सांगितलं होतं, पोस्टमनला सांगितलं होतं. एकदा एका पेशंटलासुद्धा, त्याला ताप होता. तुला कधी नाही म्हणाले, विनू?

मी म्हटलं, आठवत नाही.

हे माझ्याकडे बघत होते. माझा हात सरकवून बम्परच्या गार बाजूला ठेवला.

गाडी ट्रकमधून पाचगणीला आली. ढकललेल्या गाडीला नंबर नसतो. मंडळाने सगळ्यांना एकेक स्ट्रॉबेरीची पेटी दिली. मी खाल्ली नाही. दोन खाल्ल्या.

१२ डिसेंबर, सांगली

दिवसभर घरी. कोणी विषय काढला नाही.

विचार केला. त्या दिवशी आप्पांचे डोळे भरून आले होते असं मी लिहिलं आहे. मी गाडीच्या मागे होते. मला त्यांचं डोकं आणि एक कान दिसत होता. डोळे दिसत नव्हते.

पण ते म्हणाल्यावर मी एकटीने ढकलली आणि ती सुरू झाली होती. उतार होता, तरीही.

रविवारी मॉरिस परत साताऱ्याला जाईल. वहिनीने लाकडं एका बाजूला लावून ठेवली आहेत. ट्रक शेडपर्यंत जात नाही, शेवटची पन्नास पावलं ढकलावीच लागते. दादाला पत्र लिहिलं. तो नाही म्हणेल. भिंत आहे म्हणेल, कोंबड्या आहेत म्हणेल. हे पाकिटावर तिकीट लावतानाच मान हलवतील. तरी लिहिलं:

दादा, ती पन्नास पावलं मला आत बसू दे. तू आणि हे मागून ढकला. इंजिन बंद असलं तरी चालेल.