मानस आमची झाली

ता. २ नोव्हें.
गुणोने फासे लावले. खाडीच्या बांधातल्या मानशीच्या दाराला, जिथून भरती-ओहोटीचे पाणी येते-जाते, दोन्ही बाजूंनी, लोखंडी. आमच्या ह्यांनी होडीतून पाहिले. सख्खा दीर झाला म्हणून काय? तशीच गेले बांधावर.
म्हणतो, "मानस माझी, वैनी. पावणीत बोली लावून घेतलंय. हूद माझी सुंगटां खातत, ती तुझे टुरिस्ट भरून देतले?"
भरून म्हणे! मानशीच्या दाराला जाळे लावायचे, ओहोटीबरोबर कोळंबी काय, मासळी काय, आपली आपण येते. ह्याला काय कष्ट?
म्हटले, शिरां पडो तुझ्या तोंडार. पाणमांजर दाखवा म्हणत लोक हूद बघायला येतात म्हणून होडीवर सहा घरे जेवतात. हूद गेले तर काय तुझे थोबाड बघायला येणार?
फासे तसेच.

ता. ५
हुदाचे पिल्लू मेले. पाय फाशात. आई पाण्यात शिट्या घालत फिरत होती. ह्यांनी वल्हे टाकले ते टाकलेच. होडीत बेळगावची बाई होती, पाणमांजर पाणमांजर करून रडली.
मी नाही रडले. डोके तापले.
फॉरेस्टवाला आला, दम दिला, फासे नेले. तो काय रोज येणार?

ता. ८
रात्रभर डोक्यात एकच. मानस ज्याची, राज्य त्याचे. नव्या सालाची पावणी आलीच आहे, जिंकेल त्याला ताबा लगेच. मग आपणच का नाही?
होडीवरच्या घरांतली सुमन म्हणाली, पावणीत बायका बोलत नाहीत. म्हटले, मुक्या आहेत काय? सहाही घरे तयार. ह्यांनी पैशांचा डबा पुढे ठेवला. म्हणजे हो.

ता. १३
पावणी, देवळाच्या चौकात. पावणीचा अध्यक्ष म्हणे, "बायल माणूस पावणी कशी गो धरतली? मानशीर राती जाळां घालूक कोण वतलो?"
म्हटले, सुंगटे निवडते कोण? बाजारात बसते कोण? तुझीच बायको! विचार तिला.
सगळे हसले. त्याची बायको सर्वात जास्त.
गुणो बोली वाढवत गेला. मी पण. तो घाम पुसतो, मी पदर खोचते. मग त्याने मान खाली घातली. एकवार, दोनवार, तीनवार. आमची!!
ह्यांनी शिट्टी मारली. देवळात! साठीचा माणूस.

ता. १५
गुणो वाटेत भेटला. म्हटले, मानशीवर कामाला ये, दार तुझ्याएवढे कोणाला जमत नाही.
"वैनी, तोंडार मारतंस मगो माका."
आला पण.

ता. २१
पहिले जाळे. चणक मासळी अशी, की दोन हातांत मावेना. वर घेतोय तोच चार हूद आले. जाळे फाडले, चणक पळवली, समोरच्या दगडावर बसून खाल्ली. होडीतले टुरिस्ट टाळ्या वाजवतात. माझ्या हातात काठी कधी आली कळले नाही.
गुणो विडी ओढत, "मार गो वैनी, मार. आता तुझीच मासळी."
काठी त्याच्या अंगावर टाकली. हूदांना तोंडभर शिव्या घातल्या. त्यांनी वर पण बघितले नाही. मेले काय खातात! पिल्लू पण होते एक, मधोमध.
बायका म्हणतात उद्या बसूया. हुदांना किती, आपल्याला किती, ते ठरवूया. जाईन. पण कोणाच्या बाजूने बोलू ते अजून ठरत नाही.