मे महिन्याचे केस

रेनाकाठ, सोमवार, ९ जून १९८६

प्रिय हालवरमामा,

नमस्कार. हे पत्र तुम्हांला सिस्टर राग्नफ्रिड वाचून दाखवणार असं कळलं, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे आणि अवघड शब्द कोशात पाहून लिहितो आहे. डोळ्यांच्या पट्ट्या अजून तीन आठवडे निघणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाल्याचं मामीने सांगितलं. तोवर मान हलवू नका.

इकडे सर्व ठीक आहे. नदीचं पाणी उतरलं. राप रोज दारात बसून रस्त्याकडे बघतो. (सिस्टर, राप हा मामांचा कुत्रा आहे. जखमी जनावराचा माग काढतो.) मामी तुमच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही, रापलाही नाही.

पुलापलीकडच्या विश्रामगृहाने मागितलेल्या साठ माश्यांपैकी चव्वेचाळीस बांधून झाल्या. (सिस्टर, या खऱ्या माश्या नव्हेत. गळावर हरणाचे केस बांधून केलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या. ट्राउट मासा ती खरी समजून वर येतो.) मी तुमच्याच क्रमाने बांधतो. आगकाडीएवढी जाड चिमूट कापायची, बुडाची लव विंचरून काढायची, मग टोकं खाली करून केस काडतुसाच्या पितळी पुंगळीत सोडायचे आणि पुंगळी टेबलावर आपटायची, म्हणजे टोकं एका रेषेत येतात. तुम्ही तीनदा आपटता. मी सातदा आपटतो. केस गळाच्या पाठीवर धरून दोन वेढे सैल, तिसरा घट्ट. केस फुलतात त्या क्षणी डाव्या हाताची चिमूट सोडायची नाही, नाहीतर सगळे गळाभोवती फिरतात. माझी चिमूट हल्ली सुटत नाही. बोटं मात्र दुखतात.

तुम्ही हातानेच तपासाल म्हणून सहा माश्या आगपेटीत घालून सोबत पाठवतो. गळांची टोकं बुचात खुपसली आहेत, तरी सिस्टरनी जपून काढाव्यात.

एक बातमी आहे. तुम्ही वन्यजीव समितीचे प्रमुख, तेव्हा कुणी ना कुणी कळवलं असेलच. शुक्रवारी, ३० मेला, ओस्मुनकाकांना त्यांच्या खालच्या कुरणात एक हरिणी मरून पडलेली सापडली. मागचा पाय मोडलेला होता. पोटात दोन पिल्लं होती. लाकडाच्या गिरणीच्या वळणावर कुणाच्या तरी गाडीने तिला उडवलं आणि त्या माणसाने ना धडकेच्या जागी खुणेची फीत झाडाला बांधली, ना समितीला फोन केला. ओस्मुनकाकांनी स्वतः कळवलं. पण त्यांच्या गाडीचा पत्रा पुढून चेपलेला आहे. ते म्हणतात, घोड्याने लाथ मारली. त्यांचा घोडा सव्वीस वर्षांचा आहे, त्यामुळे कुणाला खरं वाटत नाही.

मामी दुकानातून येऊन सांगत होती, ‘ज्याला सापडते त्यालाच ठाऊक असतं कुठे शोधायचं, असं बोलतात तिथे. दूध आणायला जातात की न्याय करायला?’

कातडं नेहमीप्रमाणे आपल्याकडे आलं. मी खरवडून, मीठ लावून ताणलं आहे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

तुमचा भाचा,
श्यूर


रेनाकाठ, सोमवार, १६ जून

प्रिय हालवरमामा,

नमस्कार. तुमचं उत्तर सिस्टरांच्या हस्ताक्षरात मिळालं. त्यांचं अक्षर सुंदर आहे.

तुम्ही लिहिता की सहा माश्यांपैकी तीन ठीक आणि तीन बाद. ओठांवरून फिरवताच कळलं, केस वरून हिवाळ्याचे दिसत असतील पण ते गळायला आलेले मे महिन्याचे आहेत, बुडाशी बारीक आणि ठिसूळ, चार फेकींत तुटतील. बरोबर आहे. विश्रामगृहाला त्यांतली एकही दिलेली नाही. साठही माश्या ऑक्टोबरच्या डब्यातल्या, शिकारीच्या वेळी जमवलेल्या मजबूत केसांच्या बांधून शुक्रवारी पोचवल्या.

पुढे तुम्ही विचारता, ‘तू चुकणारा मुलगा नाहीस. ऑक्टोबरचा डबा भरलेला असताना हे केस कशाला घेतलेस?’ याचं उत्तर मी वेगळं लिहीन.

ओस्मुनकाका गुरुवारी आले होते. दरवर्षीप्रमाणे त्यांच्या दहा माश्या न्यायला. बसले नाहीत. मी कॉफी विचारली तर म्हणाले, नको, तुझ्या मामीला दुकानात उत्तरं द्यावी लागतील. मग रापच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘आठ दिवसांत माझ्याशी कुत्र्याशिवाय कोणी बोललं नाही. आणि तुमचा कुत्रासुद्धा हल्ली विचार करून शेपूट हलवतो.’ मला हसायला आलं नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माश्या टोपीला टोचून निघून गेले.

समितीच्या चिटणीस बोर्गहिल्डबाईंना देण्यासाठी तुम्ही जे दुसरं पाकीट पाठवलंत, ते मला पोचलं. ओस्मुनकाकांचं नाव शरदातल्या मूस हरणांच्या शिकारीच्या यादीतून काढावं, असं त्यात तुम्ही लिहायला लावलं आहे, हे तुमच्या पत्रावरून समजलं. सभा शनिवारी आहे. पाकीट सुरक्षित आहे.

हवा कोरडी आहे.

तुमचा भाचा,
श्यूर


रेनाकाठ, रविवार, २२ जून

प्रिय हालवरमामा,

सिस्टर राग्नफ्रिड, खोलीत दुसरे पेशंट असतील तर हे पत्र हळू आवाजात वाचावं. पण मध्ये थांबू नये आणि कुठला शब्द सौम्य करू नये.

हरिणीला मी धडकलो.

मंगळवार, २७ मे. तुम्हांला स्टेशनावर गाडीत बसवून मी परत येत होतो. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते, उजेड लख्ख होता. गिरणीच्या वळणावर ती डावीकडून आली. मी वेगात नव्हतो. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगतो आहे आणि ते खरंही आहे. गाडी थांबवून मी उतरलो. ती उठून उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि भूर्जांच्या झाडीत गेली. रस्त्यावर रक्त नव्हतं. आपल्या गाडीला पुढे लोखंडी दांडा असल्यामुळे ओरखडाही नव्हता. दांड्याला थोडे केस चिकटले होते. ते काढताना हातात तुटत होते.

तुमचा छापील अर्ज गाडीच्या कप्प्यात असतो. मी तो बॉनेटवर ठेवून भरायला घेतला. तारीख, वेळ, जागा, दिशा, सगळं लिहिलं. मग तो प्रश्न आला: जनावर जखमी झालं का? होय किंवा नाही, एकावर खूण करायची. मला नक्की माहीत नव्हतं. ती चालत गेली होती. पण मागचा एक पाय नीट टेकत नव्हता, की मला तसं वाटलं? खोटं लिहायचं नव्हतं आणि चूकही करायची नव्हती. नक्की कळल्यावर खूण करू म्हणून अर्ज खिशात घातला. फीत बांधली नाही, कारण फीत बांधली की अर्ज द्यावाच लागतो. तुम्ही असतात तर रापला घेऊन अर्ध्या तासात तिथे पोचला असतात. तुम्ही नव्हतात, पण समितीत आणखी चार माणसं आहेत आणि चौघांचे फोन त्याच अर्जाच्या मागे छापलेले आहेत.

बुधवारी मी झाडीत जाऊन आलो, रापला न घेता. काही दिसलं नाही. रापला नेलं असतं तर त्याने तिला शोधलं असतं, म्हणून नेलं नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं, आता ठेवतो आहे.

शुक्रवारी ती सापडली. मग ओस्मुनकाकांच्या गाडीकडे लोकांचं लक्ष गेलं, आणि मी गप्प राहिलो. गप्प राहायला काही करावं लागत नाही. सकाळी उठायचं, माश्या बांधायच्या. कातडं आपल्याकडे आलं तेव्हा वाटलं, निदान तिच्या केसांचं काहीतरी व्हावं. ते केस कामाचे नाहीत हे मला पुंगळीत घालण्याआधीच माहीत होतं. तरी बांधले. ती चूक नव्हती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

परवा, शुक्रवारी सकाळी, मी आधी मामीला सांगितलं. ती भाकरीवर तपकिरी चीज कापत होती. हातातली सुरी तिने खाली ठेवली आणि म्हणाली, ‘जा. खाऊन जाऊ नकोस, पोट भरलं की माणूस वळणं घेतो.’ म्हणून उपाशीच गेलो.

ओस्मुनकाका कुंपणाचे खांब बदलत होते. मी आदल्या रात्री पाठ करून ठेवलेलं बोललो. त्यांनी काम थांबवलं नाही. मग विचारलं, ‘किती वाजता?’

‘पावणेसातला. मंगळवारी.’

‘म्हणजे तीन दिवस जिवंत होती ती. माझ्या कुरणात आणि मला दिसली नाही.’

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते त्या हरिणीचाच विचार करत होते. बराच वेळ खांब ठोकत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘हालवरचं काय म्हणणं आहे?’

तुमचं पाकीट माझ्या खिशात होतं. चिटणीसबाईंना मी ते दिलेलंच नव्हतं. नाही म्हणून सांगता आलं असतं, मामा अजून आजारी आहेत, त्यांनी काही लिहिलेलं नाही. पण त्या सकाळी मला आणखी एक खोटं नको होतं. मी सांगितलं, मामांनी तुमचं नाव काढायला लिहिलं आहे.

त्यांनी हातोडा खाली ठेवला.

‘चाळीस वर्षं एका ओंडक्यावर बसून डबा खाल्लाय आम्ही,’ ते म्हणाले. ‘तू पोर आहेस, घाबरलास. ते समजतं मला. पण त्यानं एक फोन तरी करायचा होता. घोड्याची लाथ खरी का, एवढंच विचारायचं होतं. त्याला ठाऊक आहे तो घोडा. त्यालाही मारलीये त्यानं.’

मी घरी आलो.

काल सभेत मी अर्ज वाचून दाखवला. एकवीस जण होते. ओस्मुनकाका आले नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं, पंचवीस दिवस अर्ज खिशात ठेवायला खिसा चांगला मजबूत लागतो. लोक थोडं हसले, मग थांबले. बोर्गहिल्डबाईंनी माझं नाव दोन वर्षं यादीतून काढलं आणि ओस्मुनकाकांचं ठेवलं. तेवढं वीस मिनिटांत झालं. नंतर त्या ओस्मुनकाकांना फोन करायला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, ‘ते म्हणतात, माझं नाव लिहायचं तर लिहा. मी येणार नाही.’ मग सभेत कुणीच काही बोललं नाही. ज्यांनी दुकानात बोलून ठेवलं होतं ते तर अजिबात नाही.

तुमचं पाकीट मी फोडलेलं नाही आणि पोचवलेलंही नाही. ते तुमच्या टेबलावर आहे, जाळायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मी केलं ते माझं आहे आणि मला कुणी लहान म्हणून सोडावं असं वाटत नाही. माझ्यासाठी माश्या बांधायची जागा राहिली की नाही, हे तुम्ही आल्यावर बोलू. आत्ता ती गोष्ट महत्त्वाची नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पट्ट्या निघाल्या की ओस्मुनकाकांना पत्र लिहा. सिस्टरांकडून लिहून घेऊ नका. ओळी खाली-वर गेल्या, शब्द एकमेकांवर चढले तरी चालतील. त्यांना तुमचं अक्षर ओळखू यायला हवं.

मला उत्तर दिलं नाहीत तरी मी समजून घेईन. आधी त्यांना लिहा.

ज्याच्यामुळे तुम्हांला ते पत्र लिहावं लागणार आहे, तो तुमचा
श्यूर