डाव्या हाताची थाप

पुणे, दि. ८ डिसेंबर २०२४

ती. रामकिसन मामांस,
अक्षताचा सविनय जयभीम, वि. वि.

अर्धांगाचा झटका आल्यापासून फोनवर तुमचं बोलणं मला उमगत नाही, आणि मला उमगत नाही म्हणून तुम्ही चिडता. तेव्हा पत्रंच लिहा, असं मोनालीवहिनींनी सुचवलं ते बरं झालं. उजवा हात शाबूत आहे. कागदावर तरी मला शिव्या नीट देता येतील.

कुरियरने एक खोकं पाठवलंय. त्यात रबरी चौकोनी गाद्यांचं यंत्र आहे, त्याला पॅड म्हणतात. आमच्या स्टुडिओत जाहिरातींना ताल देताना आम्ही तेच वापरतो. एकेका गादीवर ढोलकीचा एकेक बोल बसवता येतो. म्हणजे ढोलकीची डावी, घुमणारी बाजूसुद्धा उजव्या हाताने वाजेल. वायर वहिनींच्या लॅपटॉपला लावायची.

आईचं सांगते. तिने केदारखेड्याच्या वसंताला ढोलकीवर बसवून पाहिलं आणि अर्ध्या गाण्यातून उठली. वसंता काही वाईट वाजवत नाही. पण रमाई जयंतीला दादा ढोलकी घेऊन शेजारी नसला तर आपण गाणं सोडलं, असं ती बदनापुरात सगळ्यांना सांगून बसलीय. ती बोलली की करते. पप्पा गेले तेव्हासुद्धा तिचं गाणं थांबलं नव्हतं, म्हणून मला या वेळी भीती वाटते.

वहिनींना जयभीम. माझ्यावरची माया कमी करू नये.

आपली भाची,
अक्षता


वाटूर, दि. १९ डिसेंबर २०२४

चि. अक्षतास,
मामाचे अ. आ. व जयभीम.

खोकं मिळालं. तुझी पेटी मुकी हाये. थापा मारल्या, कान लावून पाह्यला, नुसती टकटक. मोनाली शाळेतून आल्यावर तिनं वायर लावली, मंग लग्नाच्या मांडवावानी रंगीत दिवे लागले. आवाज तरी न्हाईच. शेजारचे भुजंगराव बघायला आल्ते. म्हणले, रामकिसन, यावर पापड वाळत घालू. मी हासलो. आता हासलं तरी तोंड वाकडंच होतं.

तब्येत बराबर आहे. डावा हात मांडीवर पडून राह्यलाय, पाहुण्यावानी. काम सांगता येत न्हाई अन् जा म्हणता येत न्हाई.

एक गोष्ट साफ लिहितो. तुझ्या मायचं, चांगुणाचं गाणं बंद पडू नये असं मलाही वाटतं. पण वसंताच्या शेजारून ती उठली ते चाललं. असल्या खेळण्यावर मी बसलो अन् ती माझ्या शेजारून उठली, तर मला ते सोसायचं न्हाई. त्यापरीस न बसलेलं बरं. तू खर्चा केलास म्हणून पेटी वापस करत न्हाई एवढंच.

जपून राहा. जेवत जा.

तुझा मामा,
रामकिसन


पुणे, दि. २७ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

पेटी मुकीच असते, मामा. पॅडमध्ये आवाज नसतोच. कोणत्या गादीवर आणि किती जोरात मारलं, एवढी चुगली ते लॅपटॉपकडे करतं. आवाज लॅपटॉपमधून निघतो. म्हणून आधी वायर लावायची, मग मी वहिनींना पाठवलेलं ढोलकीचं सॉफ्टवेअर उघडायचं. त्याच्या सेटिंगमध्ये पॅडचं नाव दिसेल, ते निवडायचं. मग यादीतला एक बोल निवडून हव्या त्या गादीवर थाप मारायची, की तो बोल त्या गादीचा झाला. डावीचा बोल अंगठ्याजवळच्या गादीवर ठेवा, तिथे हात पटकन जाईल.

हसणारे हसू देत. भुजंगरावांना सांगा, पापड वाळायच्या आत ताल ऐकवतो.

आई उठून जाईल की नाही, ते मला सांगता येत नाही. पण तुम्ही बसलाच नाहीत, तर ती यायचीच नाही, हे नक्की.

रागावलात तरी आपलं म्हणा.

आपली,
अक्षता


वाटूर, दि. १२ जानेवारी २०२५

चि. अक्षतास,
अ. आ. व जयभीम.

वाजली एकदाची. मोनाली म्हणली, मामंजी, आता तरी जेवा. पण दोन खोड्या हायेत. एक, थाप आत्ता पडते अन् आवाज मागून येतो, उधारीवानी. दुसरी, हलका हात याला कळतच न्हाई. बोट फिरवलं की गप.

मी म्हणलं, थंडीनं पुडी उतरली असंल, कातडं ढिलं पडलं असंल. जन्मभर ढोलकी वाजवली, पुडी उतरली की काय करायचं मला कोणी शिकवायची गरज न्हाई. पेटी स्लॅबवर नेली अन् पत्र्याला टेकवून उन्हाला ठेवली. मंग भुजंगरावासंग फाट्यावर चहाला गेल्तो. तिथं गोष्टी रंगल्या. आलो तर मोनाली डोक्याला हात लावून बसलेली. अंगठ्याजवळची गादी पुरीवानी फुगलीय. तीच डावीची. आता बिलकुल वाजत न्हाई.

तू हास. मला हासू आलं न्हाई. माझा एक डावा गेला होता, तुझा मी घालवला. आता हे राहू दे. तुझ्या मायला कळव, दादा यंदा श्रोत्यात बसंल.

तुझा मामा,
रामकिसन


पुणे, दि. १९ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

स्टुडिओत मी इतकी हसले की लोक बघायला आले. अहो, रबराची पुडी उन्हाने चढते होय? पण फुगली तर फुगली, बाकीच्या गाद्या आहेत. डावीचा बोल शेजारच्या गादीवर घ्या.

आवाज मागून येतो, कारण वहिनींनी बिनवायरचा स्पीकर लावलाय. तो आधी काढा आणि वायरचा लावा. तरी उशीर वाटला तर सेटिंगमधला बफरचा आकडा कमी करायचा. हलक्या हातासाठी पॅडची संवेदनशीलता वाढवायची, वहिनींना फोनवर दाखवते. यात ऊन कुठेच नाही.

आईला मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात डावीचा नवा आवाज आहे. २०१९च्या जयंतीला कार्यक्रमाआधीच मी मोबाइलवर शूटिंग करत होते आणि तुम्ही खेकसला होता, वाजवायच्या आधी कशाला चित्रं काढतेस म्हणून. तेव्हा तुम्ही सूर बघायला नुसती डावी वाजवून पाहत होता. हार्मोनियम नाही, टाळ्या नाहीत, कुणाचा आवाज नाही. ती एक थाप मी उचलून साफ केलीय. ती तुमचीच आहे. ती ऐकून मी ऑफिसात रडले, हेही लिहून टाकते.

बसा मामा. एवढं माझं ऐका.

आपलीच,
अक्षता


वाटूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षतास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

कार्यक्रम झाला. तू फोनवर मायला विचारलंच असशील, पण ती नीट सांगणार न्हाई, म्हणून लिहितो.

विहारासमोर सतरंजी टाकल्ती. मी पेटी घेऊन बसलो तशी पोरं खुसुखुसु हासली. तुझी माय बदनापुरावरून आली ती फुगूनच. पेटीकडं पाह्यलं, तोंड फिरवलं अन् पाठ करून बसली. वाटलं, आता उठती.

सवयीनं मी आधी नुसती डावी वाजवून पाह्यली, एकच थाप, तू धाडलेली.

ती वळली. आधी पेटीकडं पाह्यलं, मंग माझ्या मांडीवरच्या हाताकडं. तो तसाच पडलेला. मंग बराच वेळ माझ्या तोंडाकडं पाहत राह्यली. डोक्यावर पदर घेतला अन् हार्मोनियमवाल्याची वाट न बघता गाणंच धरलं. खरं सांगायचं तर मी दोन जागी चुकलो. तळवा घासून निघणारी घूं या यंत्रात न्हाईच, तिथं तिनंच गळ्यानं भरून घेतलं. भुजंगराव शेवटपर्यंत बसले, पापडाचं नाव न्हाई काढलं.

दुसऱ्या गाण्याला तिनं सरकून माझा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला अन् गाणं संपेपर्यंत त्याच्यावर ताल धरला. हाताला काही कळलं न्हाई. मला कळत होतं.

चौदा एप्रिलला बसायचं ठरलंय. तवर फुगलेली गादी बदलून मिळते का बघ. तुझ्यावर जीव आहे, हे एकदा लिहून ठेवतो, परत परत लिहायला लावू नको.

तुझा मामा,
रामकिसन