पाचवं वाक्य

प्रिय रिद्धी,

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस. इथे आळे गावात सगळे बरे आहेत. दुकान आता संयम बघतो आणि मी गल्ल्यावर बसून तुझ्या भावाच्या चुका काढतो. मम्मीचं वर्षीतप शेवटाला आलंय. वर्षभर एक दिवस जेवण, एक दिवस उपवास. उपवासाला फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसानं पारणं आहे.

आता तुला हसू येईल अशी बातमी. परवा गुड फ्रायडेला, तुमच्या उत्तम शुक्रवारी, तुझा बाप जुन्नरच्या चर्चमध्ये तीन तास बसून आला. तू सुदर्शनशी लग्न केलंस तेव्हापासून तुझ्या सासूबाई, वैजयंतीताई, मुद्दाम आपल्याकडूनच कापड नेतात, आणि मी किती मीटर एवढंच विचारतो. या खेपेला त्यांनी सांगितलं की वधस्तंभावर येशू शेवटी सात वाक्यं बोलला, त्या दिवशी एकेकावर एकेक जण बोलतो, आणि यंदा पाचवं त्यांच्याकडे आहे. तुम्ही या, म्हणाल्या. नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. उकळलेल्या पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि एसटीत बसलो.

पहिलं वाक्य माफीचं होतं. खिळे ठोकणाऱ्यांना माफ कर, आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही, असं तो म्हणाला. मला वाटलं, हे तर आपलंच. संवत्सरीला आपण मुंगीपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्या जिवांची माफी मागतो. मग आठवलं, दर वर्षी तुझं मिच्छामि दुक्कडम् येतं आणि मी फोन पालथा ठेवतो. मी बाकाच्या कडेला सरकून बसलो.

पाचवं वाक्य अगदीच छोटं. तहान लागली, एवढंच. मला ते जरा खटकलं. आपला तपस्वी असं बोलेल का? वैजयंतीताई हातात कागद न घेता उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मारनाऱ्यांपाशी पानी मागायला परभूला कमीपना वाटला न्हाई. आपन तर घरच्या मानसापाशीबी मागत न्हाई." आणि खाली बसल्या. माझा घसा कोरडा पडला होता, बाटली मांडीवर होती, तरी चारचौघांत प्यायची मला लाज वाटत होती.

येताना सगळ्या रस्त्याने मला तुझी मम्मीच दिसत होती. गेल्या आठवड्यात पारण्याच्या पत्रिकेचा कच्चा कागद तपासायला आला, तेव्हा छापखान्याच्या गेणभाऊंनी संयमच्या लग्नाची जुनी पत्रिका समोर ठेवून घरच्यांची नावं घातली होती. त्यात तुझंही होतं. मी लाल पेनाने खोडलं. मम्मीने तो कागद हातात घेतला, त्या रेघेवर बोट ठेवलं आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी जेवणाची पाळी होती, तर दोन घास खाऊन उठली. आणि मी मूर्ख, बघा तपाने किती शांत झालीये, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत राहिलो. ती तहानलेली होती, रिद्धी. तपाने नव्हे, माझ्यामुळे.

काल गेणभाऊंकडे जाऊन तुझं नाव परत घातलं, शेजारी सुदर्शनचंही. पत्रिका छापून झाल्या. त्यातली पहिली या पत्रासोबत वैजयंतीताईंच्या हाती देतोय. पारण्याचा पहिला पेला लेकीने द्यायचा, ही आपल्या घरची रीत. दोघं या. मम्मी स्वतःहून कधी मागणार नाही, आणि तिचं नाव पुढे करून मीही मागणार नाही. उंबरठा ओलांडू नकोस असं तुला मी म्हणालो होतो, तेव्हा माफीही मीच मागायला हवी. ती मागतो. बेटा, मला तहान लागली आहे.

तुझाच,
पप्पा